आधी गाणी, मग गोष्ट

कलाकृतीत आशय आधी असतो आणि त्याला साजेसा रूपबंध त्यातून आपोआप उमलून येतो, ही समजूत समीक्षेने कितीही वेळा तपासून बाजूला ठेवली, तरी रसिकाच्या मनातून ती सहसा जात नाही. संगीतप्रधान चित्रपटाच्या बाबतीत तर ती अधिकच बळावते. पात्राच्या मनात भावना दाटून येते, बोलण्याचे शब्द तिला पुरेनासे होतात, आणि मग गाणे सुरू होते, असा क्रम प्रेक्षक गृहीत धरतो. मेट्रो-गोल्डविन-मेयर या संस्थेचा १९५२ सालचा ‘सिंगिन्‌ इन द रेन’ हा चित्रपट पाहताना हा क्रम इतका स्वाभाविक वाटतो की त्याविषयी शंका घेण्याचे कारणच पडत नाही. प्रेमात पडलेला माणूस रात्रीच्या पावसात छत्री मिटून गातो, नाचतो, डबक्यात पाय आपटतो. हे गाणे त्या माणसाच्या त्या क्षणाच्या आनंदातूनच जन्मले असावे, असे वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. हे गाणे त्या माणसाच्या आधी तेवीस वर्षे अस्तित्वात होते. चित्रपटातील बहुतेक सर्व गाणी अशीच आधीची आहेत. पात्रे, प्रसंग, कथानक आणि भावना ही सारी त्या गाण्यांसाठी मागाहून शोधण्यात आली.

निर्माता आर्थर फ्रीड हा पूर्वाश्रमीचा गीतकार. संगीतकार नासिओ हर्ब ब्राउन याच्याबरोबर त्याने बोलपटांच्या आरंभकाळापासून अनेक लोकप्रिय गाणी रचली होती. पुढे तो त्याच संस्थेत निर्माता झाला आणि आपल्या जुन्या गाण्यांवर आधारित एक चित्रपट काढावा, असे त्याने ठरविले. बेटी कॉम्डेन आणि अडॉल्फ ग्रीन या लेखकद्वयाला त्यासाठी न्यूयॉर्कहून पाचारण करण्यात आले. या दोघांनीच पुढे सांगितलेली हकीकत अशी, की इतरांच्या गाण्यांसाठी कथा लिहिण्यास त्यांनी आधी नकार दिला. काही मोजके श्रेष्ठ गीतकार वगळता आपल्या चित्रपटांची गीते आपणच लिहावयाची, असे कलम आपल्या करारात आहे, अशी त्यांची खात्री होती. करार उघडून पाहिला तेव्हा असे कलम त्यात मुळीच नव्हते. निरुपाय होऊन ते कामाला बसले. हाताशी होते ते एक शीर्षक आणि गाण्यांचा एक गठ्ठा. शीर्षकावरून एवढेच निश्चित होते की चित्रपटात कोणीतरी कधीतरी पावसात गाईल.

त्या गठ्ठ्यातील गाण्यांची वये आणि गावे निरनिराळी होती. शीर्षकगीत ‘द हॉलिवूड रेव्ह्यू ऑफ १९२९’ या चित्रपटातले. ‘यू वेअर मेन्ट फॉर मी’ हे १९२९ च्याच ‘द ब्रॉडवे मेलडी’तले. ‘ऑल आय डू इज ड्रीम ऑफ यू’ १९३४ च्या ‘सॅडी मॅकी’तले; ‘यू आर माय लकी स्टार’ १९३५ साली प्रदर्शित झालेल्या ‘ब्रॉडवे मेलडी ऑफ १९३६’मधले; ‘वुड यू?’ १९३६ च्या ‘सॅन फ्रान्सिस्को’तले, ‘गुड मॉर्निंग’ १९३९ च्या ‘बेब्ज इन आर्म्स’मधले. ही गाणी एकमेकांसाठी लिहिलेली नव्हती आणि कोणत्याही एका कथेसाठीही नव्हती. ती ज्या चित्रपटांत प्रथम आली त्यांतील काही आज अभ्यासकांखेरीज कोणी पाहत नाही. या व्यवहारामागे व्यापारी सोय होती, हे उघड आहे. संस्थेजवळ हक्काची असलेली जुनी गाणी एका नव्या कथेत गुंफावयाची, ही फ्रीडची त्या काळातील नेहमीची रीत होती. १९५१ साली गर्शविनच्या रचनांवर ‘ॲन अमेरिकन इन पॅरिस’ उभा राहिला होता. १९५३ साली डिट्झ आणि श्वार्ट्झ यांच्या गाण्यांवर ‘द बँड वॅगन’ उभा राहिला.

कॉम्डेन आणि ग्रीन यांनी येथे जे केले ते समीक्षेच्या दृष्टीने लक्षणीय आहे. जुन्या गाण्यांचे जुनेपण झाकण्याचा मार्ग त्यांनी पत्करला नाही. यांतील बरीच गाणी मूकपट मावळून बोलपट उगवण्याच्या संधिकालातील आहेत, हे ध्यानात घेऊन त्यांनी कथाच त्या संधिकालात नेली. १९२७ च्या ऑक्टोबरात ‘द जॅझ सिंगर’ प्रदर्शित झाल्यानंतर हॉलिवूडमध्ये जी धांदल उडाली, ती या चित्रपटाची पार्श्वभूमी ठरली. म्हणजे गाण्यांच्या जन्मतारखेने कथेचा विषय निश्चित केला. एक लोकप्रिय नट, त्याचा वादक मित्र, मूकपटांची एक लावण्यवती नायिका जिचा आवाज कानाला सहन होत नाही, आणि तिच्यासाठी पडद्यामागून गाणारी एक अनाम तरुणी, ही चार पात्रे गाण्यांच्या त्या गठ्ठ्यातून, त्यांच्या काळातून वर आली.

सेंद्रिय एकात्मतेच्या तत्त्वावर पोसलेल्या समीक्षादृष्टीला हे अडचणीचे वाटण्याचा संभव आहे. बीजातून वृक्ष वाढावा तशी कलाकृती वाढते, असे म्हणणाऱ्याला येथे बीजच सापडत नाही. सापडतात त्या दुसऱ्या झाडांच्या फांद्या. तरीही कलम केलेले हे झाड जिवंत आहे, आणि एकसंधतेचा जो प्रत्यय ते देते तो खोटा म्हणता येत नाही. मराठी अभ्यासकाला यात खरे पाहता फार नवल वाटू नये. संगीत नाटकांच्या जुन्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या परिचित पदाचे आरंभीचे शब्द दिलेले असत. प्रेक्षकाच्या कानात आधीपासून घर करून असलेली चाल शकुंतलेच्या वा सुभद्रेच्या तोंडी येई आणि त्या पात्राची होऊन जाई. चालीचे परकेपण लपविण्याची गरज कोणाला भासत नसे. ते पुस्तकातच छापलेले असे. त्याहीपूर्वी आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्योतात याच प्रश्नाचा विचार केला आहे. पूर्वी अनेकांनी हाताळलेला अर्थही रसाच्या परिग्रहाने नवा भासू शकतो, हे त्याचे प्रतिपादन आहे. नवेपण वस्तूत नसते, तिच्या योजनेत असते.

ही योजना चित्रपटात कशी केली आहे, हे पाहण्यासारखे आहे. ‘यू वेअर मेन्ट फॉर मी’ या गाण्यापूर्वी नायक डॉन लॉकवुड हा कॅथी सेल्डनला आपले प्रेम सांगू पाहतो, पण योग्य मांडणीवाचून त्याला ते सांगता येत नाही. तो तिला एका रिकाम्या चित्रीकरणगृहात नेतो. एक कळ दाबून सायंकाळ आणतो, दुसरीने चांदणे आणतो, धुके सोडतो, वारा देणारे यंत्र सुरू करतो, तिला शिडीवर उभी करतो, आणि मग गातो. सारी कृत्रिमता प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत मांडली जाते; तरीही गाणे सुरू झाल्यावर भावना खरी वाटते. कृत्रिम साधनांची कबुली दिल्याने उत्कटता उणावत नाही, उलट वाढते, असे हा प्रसंग सांगतो. जेन फ्युअर हिने हॉलिवूडच्या संगीतपटांवरील आपल्या १९८२ च्या ग्रंथात असे दाखविले आहे की हा चित्रप्रकार आपली यंत्रणा उघडी करीत असतानाच उत्स्फूर्ततेचा आभास अधिक दृढ करतो. या प्रसंगाला ते विवेचन चपखल लागू पडते.

शीर्षकगीताचे स्थलांतर याहून मोठे आहे. १९२९ च्या चित्रपटात ते गाणे म्हणजे एक सामूहिक करमणूक होती; अखेरीस त्या संस्थेतील तारे-तारका पावसाळी कोट घालून एका रांगेत उभे राहून ते गातात. त्या गाण्याला कोणी एक नायक नव्हता. १९४० च्या ‘लिट्‌ल नेली केली’त ते ज्यूडी गारलंडने म्हटले. १९५२ साली जीन केलीने ते एका निर्जन रस्त्यावर, एका माणसाच्या एका रात्रीला देऊन टाकले. त्या रस्त्यावरचा पाऊस नळांचा होता, डबकी पदन्यासाच्या सोयीने नेमक्या जागी केलेली होती, आणि पावलांचे ध्वनी नंतर स्वतंत्रपणे मुद्रित केलेले होते. यांतील काहीही ठाऊक असले तरी ते गाणे पाहताना आठवत नाही. आजही त्या गाण्याचे नाव उच्चारताच दिव्याच्या खांबाला धरून लोंबकळणारा एकच माणूस डोळ्यांपुढे येतो. १९२९ ची ती रांग कोणाला आठवत नाही.

योजनेने गाण्याला अर्थ मिळतो, हे मान्य केले म्हणजे त्याबरोबर एक अप्रिय गोष्टही मान्य करावी लागते. जे गाणे एका योजनेने आनंदाचे होते ते दुसऱ्या योजनेने आणखी कशाचेही होऊ शकते. स्टॅन्ली कुब्रिकच्या १९७१ च्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’मध्ये एक तरुण दुसऱ्याच्या घरात शिरून अत्याचार करताना हेच गाणे म्हणतो. ज्याने तो प्रसंग पाहिला त्याला त्यानंतर केलीचे नृत्य पूर्वीइतक्या निर्धास्तपणे पाहता येत नाही. गाण्याने येथे प्रतिकार केला नाही, करणे त्याला शक्यही नव्हते. गाणे ज्या घरात ठेवावे त्या घरचे होते. म्हणूनच ते कोठे ठेवले, कोणाच्या मुखी ठेवले, या प्रश्नाला केवळ तंत्राचा प्रश्न म्हणून सोडून देता येत नाही. गाणे निरपराध राहिले तरी ते योजणारा तसा राहत नाही.

हाच प्रश्न ‘सिंगिन्‌ इन द रेन’ला त्याच्या सर्वांत प्रिय क्षणी विचारावयास हवा. डॉन पावसात का गातो? कॅथीवर त्याचे प्रेम आहे म्हणून, हे उत्तर बरोबर आहे. परंतु पुरेसे नाही. त्या गाण्याच्या लगेच आधी काय घडते ते आठवावे. डॉनचा पहिला बोलपट फसलेला आहे. तो, कॅथी आणि कॉस्मो रात्रभर जागून त्याचा संगीतपट करण्याची युक्ती काढतात आणि त्या आनंदात ‘गुड मॉर्निंग’ गातात. मग ध्यानात येते की नायिका लीना लॅमॉन्टला गाता येत नाही. कॉस्मो तेव्हा कॅथीला आपल्या मागे उभी करून गावयास लावतो आणि स्वतः नुसते ओठ हलवून दाखवितो. कॅथीने पडद्यामागून गावे, लीनाने पडद्यावर ओठ हलवावेत. डॉन प्रथम नकार देतो. कॅथी म्हणते, एकाच चित्रपटापुरते तर आहे. ते ठरते, आणि त्यानंतर दारात निरोप घेऊन डॉन पावसात उतरतो. जगातील अत्यंत निर्भेळ वाटणाऱ्या या आनंदगीताच्या पायाशी एका स्त्रीचा आवाज दुसरीच्या नावे लावण्याचा निर्णय आहे. चित्रपट हे लपवीत नाही. पण त्यावर थांबतही नाही. पाऊस सुरू होतो आणि प्रेक्षक तो निर्णय विसरतो.

कथानक मात्र तो विसरत नाही. लीनाला कॅथीचा आवाज कायमचा हवा आहे. कॅथीने आपल्यासाठीच गात राहावे आणि तिचे नाव कोठेही येऊ नये, असा तिचा हट्ट आहे. अखेरीस चित्रपटाच्या पहिल्या खेळानंतर प्रेक्षक लीनाला प्रत्यक्ष गाण्याचा आग्रह करतात. कॅथी पडद्याआड उभी राहून शीर्षकगीत गाते, लीना पुढे ओठ हलविते, आणि डॉन, कॉस्मो व संस्थेचा मालक मिळून पडदा ओढतात. लबाडी उघडी पडते. शरमेने पळू पाहणाऱ्या कॅथीला डॉन थांबवितो आणि हा आवाज हिचा आहे, असे सभागृहाला जाहीर करतो. आवाज आणि देह यांची फारकत हा अन्याय आहे, त्यांचे पुनर्मीलन हा न्याय आहे, अशी चित्रपटाची नीती आहे. तिच्याविषयी कोणत्याही सहृदय प्रेक्षकाच्या मनात दुमत असू नये.

आता या नीतीशेजारी चित्रपटाच्या निर्मितीतील वस्तुस्थिती ठेवून पाहावी. कथेत कॅथी लीनासाठी ‘वुड यू?’ हे गाणे मुद्रित करते. पडद्यावर कॅथी आहे डेबी रेनॉल्ड्स. परंतु ऐकू येणारा आवाज रेनॉल्ड्सचा नाही. तो बेटी नॉयस या गायिकेचा आहे. कॅथी जेथे लीनासाठी संवाद म्हणते तेथील आवाजही रेनॉल्ड्सचा नाही. तो प्रत्यक्ष जीन हेगनचा, म्हणजे लीनाचीच भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीचा आहे. हेगनचा स्वाभाविक आवाज भारदस्त आणि सुरेल होता. भूमिकेसाठी ती तो चिरका करीत होती. म्हणजे कथेत जिला आवाज नाही म्हणून हसावयाचे, तिच्याच गळ्यातून तो उसना म्हणविला जाणारा सुसंस्कृत आवाज येत आहे. आणि कथेत जिचा आवाज चोरला गेला म्हणून हळहळावयाचे, ती प्रत्यक्षात दुसऱ्या दोघींच्या आवाजांवर ओठ हलवीत आहे. बेटी नॉयसचे नाव चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नाही. तिच्यासाठी कोणी पडदा ओढला नाही.

याहून एक सूक्ष्म योगायोग या गाण्यांच्या गठ्ठ्यातच दडलेला आहे. चित्रपटाच्या मध्यावर बोलपटांची लाट दाखविणारी एक धावती चित्रमालिका येते; तीत ‘द वेडिंग ऑफ द पेन्टेड डॉल’ हे फ्रीड-ब्राउनचे गाणे ओझरते ऐकू येते. मुळात ते १९२९ च्या ‘द ब्रॉडवे मेलडी’तले. हॉलिवूडच्या इतिहासात असे नोंदले जाते की हा नृत्यप्रसंग पुन्हा चित्रित करण्याची वेळ आली, तेव्हा ध्वनिविभागाचा प्रमुख डग्लस शिअररने आधीचेच ध्वनिमुद्रण वाजवावे आणि फक्त चित्रण नव्याने करावे, असे सुचविले. आधी मुद्रित केलेल्या आवाजावर पुढे अभिनय करण्याची रीत तेथून रूढ होत गेली. आवाज आणि देह यांच्या फारकतीला लबाडी ठरविणाऱ्या चित्रपटात त्या फारकतीच्या जन्माचे गाणे असे सहज येऊन जाते. योजना करणाऱ्यांनी ते जाणून घातले असेल वा नसेल. गाण्याजवळ मात्र आपली आठवण होती.

भारतीय बोलपटांवर वाढलेल्या प्रेक्षकाला या चित्रपटाचा शेवट पाहताना एका वेगळ्याच अडचणीला तोंड द्यावे लागते. पडदा ओढला जातो, मागे गाणारी स्त्री दिसते, आणि सभागृहात हशा व खळबळ उडते. या प्रेक्षकाच्या मनात प्रथम येते ते असे, की यात एवढे काय आहे? १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे यांनी आपली गाणी आपणच गाइली होती, पण १९३५ साली न्यू थिएटर्सच्या ‘भाग्यचक्र’ आणि ‘धूपछाँव’ या जोडपटांपासून पार्श्वगायनाची प्रथा सुरू झाली आणि पुढील दोन दशकांत ती इतकी रुजली की पडद्यामागे दुसरे कोणी गात आहे, हे रहस्य न राहता संकेत झाला. रंगभूमीवर स्त्रीपार्टी नटाची स्त्री ज्या सहजतेने स्वीकारली गेली, त्याच सहजतेने एका स्त्रीचा चेहरा आणि दुसरीचा गळा मिळून एक नायिका होते, हे स्वीकारले गेले. संकेत मान्य असला की फसवणूक उरत नाही. लीनाचा अपराध, या दृष्टीने पाहता, तिने दुसरीच्या आवाजावर ओठ हलविले हा नाही. तो आवाज आपलाच आहे असे तिने लोकांना मानू दिले, हा आहे.

तथापि हा संकेत आपोआप न्याय्य झालेला नाही, हेही नमूद करणे आवश्यक आहे. १९४९ च्या ‘महल’मधील गाजलेल्या गीताच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नाव म्हणून चित्रपटातील पात्राचे, कामिनीचे, नाव छापलेले होते. कामिनी गात नव्हती. लता मंगेशकर गात होत्या. रेडिओकडे श्रोत्यांची विचारणा होऊ लागली आणि मग गायिकेचे नाव जाहीर झाले. नाटकाच्या प्रयोगात पडदा ओढण्यासारखाच हा प्रसंग होता. फक्त पडदा ओढणारे हात श्रोत्यांचे होते. फिल्मफेअर पारितोषिकांत पार्श्वगायनाचा विभाग सुरू होण्यास १९५९ साल उजाडावे लागले. हॉलिवूडमध्ये तर मार्नी निक्सन हिने ‘द किंग अँड आय’ (१९५६), ‘वेस्ट साइड स्टोरी’ (१९६१) आणि ‘माय फेअर लेडी’ (१९६४) या चित्रपटांत तीन निरनिराळ्या नायिकांसाठी गाऊनही पडद्यावर तिला श्रेय मिळाले नाही. मात्र यावरून एका परंपरेने दुसरीला हिणवावे, असे नाही. येथेही मुख्य गायकाचे नाव लागले तरी समूहस्वरांतील गायकांची आणि असंख्य वादकांची नावे बहुधा लागली नाहीत. प्रत्येक संकेताला त्याचा एक अंधारा कोपरा असतो.

या पार्श्वभूमीवर लीना लॅमॉन्ट या पात्राकडे पुन्हा पाहावेसे वाटते. चित्रपट तिला मूर्ख, गर्विष्ठ आणि कपटी म्हणून रंगवितो, आणि जीन हेगनने ते काम इतके नेटके केले आहे की तिच्या प्रत्येक उद्गाराला हसू येते. परंतु तिच्या मूर्खपणाला एक अपवाद आहे. तिने आपला करार वाचलेला आहे. आपल्याविषयीच्या प्रसिद्धीवर आपला अधिकार आहे, असे कलम त्यात असल्याचे ती संस्थेच्या मालकाला ऐकविते, आणि मालक निरुत्तर होतो. संपूर्ण चित्रपटात मालकाला कायद्याची भाषा ऐकविणारे हे एकच पात्र आहे. ज्या लेखकांनी हे पात्र निर्माण केले त्यांचा अनुभव याच्या उलट होता: त्यांना वाटलेले कलम त्यांच्या करारात निघाले नाही आणि त्यांना निमूटपणे दुसऱ्याच्या गाण्यांपाशी बसावे लागले. आपल्याजवळ नसलेले कलम त्यांनी लीनाला दिले आणि तिला खलनायिका केले. हा त्यांचा सूड होता की स्वतःवरचे हसू होते, याचा निवाडा करण्याचे कारण नाही. मात्र ज्या यंत्रणेने लीनाला केवळ चेहरा म्हणून वाढविले, तिचा चेहरा हेच तिचे मोल ठरविले, आणि ध्वनी येताच तो चेहरा अपुरा ठरविला, त्या यंत्रणेवर चित्रपट पडदा ओढीत नाही. मालक सुद्धा पडदा ओढणाऱ्यांच्या रांगेत उभा असतो.

यातून चित्रपटाच्या थोरवीला बाध येतो काय? तसे म्हणणे कोतेपणाचे होईल. दांभिकतेचा आरोप करून हा प्रश्न सुटत नाही, कारण दांभिकतेत स्वतःविषयी लपवाछपवी असते आणि हा चित्रपट स्वतःविषयी चकित करणारा मोकळेपणा बाळगतो. आरंभीच डॉन चाहत्यांपुढे आपला प्रतिष्ठित भूतकाळ सांगत असतो आणि पडद्यावर त्याच वेळी गुत्त्यांतील आणि गावठी रंगमंचांवरील त्याचा खरा भूतकाळ दिसत असतो. आवाज एक सांगतो आणि चित्र दुसरे, हे व्याकरण चित्रपट पहिल्याच प्रसंगात शिकवितो. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथील लय संवादाची नाही, विरोधाची आहे. प्रेक्षकाने हे व्याकरण मनापासून शिकले, तर ‘वुड यू?’च्या वेळी तो आपोआप विचारील की हा आवाज नक्की कोणाचा? चित्रपटानेच दिलेले शस्त्र चित्रपटावर चालविणे, हा त्याचा अवमान नव्हे. कदाचित तेच त्याचे खरे वाचन असेल.

या ठिकाणी दोन प्रश्न वेगळे करणे श्रेयस्कर ठरेल. चित्रपटात आणि त्यावरील लेखनातही ते पुष्कळदा एकमेकांत मिसळतात. गाणे कोणाचे, हा एक प्रश्न. आवाज कोणाचा, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सैल असू शकते. गाणे रचणाऱ्याचे असते, मग ज्याने योजले त्याचे होते, मग ज्याच्या मुखी शोभले त्याचे, आणि अखेरीस ऐकणाऱ्याचे. फ्रीड-ब्राउनची गाणी अशीच हातोहात फिरली आणि फिरण्यानेच जगली. ‘मेक ’एम लाफ’ हे या चित्रपटासाठी मुद्दाम रचलेले गाणे; तेही कोल पोर्टरच्या, १९४८ च्या ‘द पायरेट’मधील ‘बी अ क्लाउन’ या गाण्याशी इतके मिळतेजुळते आहे की नवे म्हणावयाचे गाणेसुद्धा जुने निघते. त्यावर फार कोणी कपाळाला आठ्या घालीत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र असे सैल असू शकत नाही. आवाज हा एका विशिष्ट व्यक्तीच्या श्वासाचा, कष्टाचा आणि वर्षानुवर्षांच्या तालमीचा भाग असतो. तो दुसऱ्याच्या चेहऱ्याला देता येतो, त्यात अपराध नाही. पण तो ज्याने दिला त्याचे नाव पुसून टाकले, तर देणे संपते आणि घेणे उरते. जुनी गाणी नव्या कथेत घालणे ही परंपरेची रीत आहे. गाणाऱ्याला अनाम ठेवणे ही परंपरा नव्हे, तो हिशेबातला दोष आहे.

चित्रपटाच्या आरंभी पिवळे पावसाळी कोट घातलेली तीन माणसे छत्र्या सावरीत शीर्षकगीत गातात आणि मग नावे येऊ लागतात. अखेरीस डॉन आणि कॅथी एका टेकडीवर, एका मोठ्या जाहिरातफलकापुढे उभे असतात. त्या फलकावर नव्या चित्रपटाचे नाव आहे, ‘सिंगिन्‌ इन द रेन’, आणि त्याखाली दोघांची नावे मोठ्या अक्षरांत रंगविलेली आहेत. आवाज असलेल्या मुलीला तिचे नाव मिळाले, एवढे सांगून कथा संपते. म्हणजे नाव मिळणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे चित्रपटाला पुरते ठाऊक होते. बेटी नॉयसचे नाव पुढे अभ्यासकांच्या पुस्तकांत आले. ज्या फलकावर ते यावयास हवे होते, तो फलक चित्रपटाने तिच्याच गाण्याच्या बळावर उभा केला आहे.